बदकांसाठी खाल्लेली बोलणी

वादळ दुपारी धडकणार होतं आणि आमची वस्ती समुद्राच्या पातळीखाली. माणसं बांधावरच्या शाळेत गेली होती. माझ्या बायकोची चाळीस बदकं मात्र खालच्या तळ्यातच होती. बायको जाऊन चार महिने झाले होते. तिचं आणखी काही मी जाऊ देणार नव्हतो. दाणे दाखवले, डबा वाजवला, पण एकही बदक बाहेर येईना.

मुलगी म्हणाली, "बाबा, आई बदकांना हाक मारायचीच नाही. संध्याकाळी ती तुमच्यावर ओरडायची, ते ऐकून बदकं घरी यायची."

"मग ओरड."

"तुमच्यावर? काहीतरीच!"

"पाणी चढतंय, बाई. लाजू नकोस."

तिने डोळे मिटले. "अहो! कानांत बोळे घातलेत का? सकाळचा कप अजून तिथेच! मी मरमर मरतेय आणि हे बसलेत राजासारखे!"

तळ्यात चाळीस माना वर झाल्या. बदकं एकामागून एक बांध चढू लागली.

"थांबू नकोस," मी म्हणालो, "माझं घोरणं राहिलं."

शाळेच्या दारापर्यंत मी पोटभर बोलणी खाल्ली. लोक खिडक्यांतून टाळ्या वाजवत होते. चाळीसच्या चाळीस आत गेली, आणि त्यांच्यामागून मी छाती काढून आत शिरलो.