निवृत्तांची जागा

"टाय कुठला लावू?" चिटणीसांनी कपाटापाशी उभं राहून विचारलं, आणि ऑपरेटरबाईंचा हात इस्त्रीवर थांबला.

चिटणीस हे त्यांचं युनियनमधलं पद. ते सुटून पंधरा वर्षं झाली, तरी नाव चिकटून राहिलं होतं. बायकोनंही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात काढली. सारी गल्ली तिला अजून ऑपरेटरबाईच म्हणे.

पेन्शन मंडळावर चार सदस्य सरकार नेमायचं, चार युनियनचे असायचे. ज्यांच्या पेन्शनचा फैसला व्हायचा, त्या निवृत्तांचं मात्र कुणीच नव्हतं. "नवरदेवाला वगळून लग्न ठरवतात लेकाचे," असं चिटणीस म्हणायचे. त्या एका जागेसाठी त्यांनी खेटे घालून चपला झिजवल्या. अखेर नियम बदलला. निवृत्तांच्या संघटनेनं मतदान घेऊन दोन नावं पाठवायची, मंत्र्यांनी त्यातलं एक निवडायचं, असं ठरलं. पण तोवर चिटणीसांच्या आठवणीला गळती लागली होती.

संघटनेची माणसं घरी आली, मान खाली घालून बसली आणि म्हणाली, "वहिनी, आता तुम्हीच उभ्या राहा. सगळी निवेदनं तुमच्याच अक्षरात आहेत." बाईंनी चार दिवस टाळलं. मग संमतिपत्रावर सही केली, चोरी करावी तशी.

नेमणुकीचा आदेश आला तो नेमका चिटणीसांच्या हाती पडला. आडनाव तेच, नावाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. कागद तीनदा वाचून त्यांनी हाक मारली, ती अगदी पूर्वीच्या खणखणीत आवाजात. "अगं, झालं बघ आपलं काम."

बाईंच्या तोंडून खरं निघालं नाही. लेक फोनवर चिडली. आज ना उद्या कळणारच, तेव्हा जास्त लागेल, असं तिचं म्हणणं. बाईंनाही ते पटत होतं. पण आठवडाभर हा माणूस आपली दाढी आपण करत होता, वहीत मुद्दे काढत होता. कुठल्या तोंडानं सांगायचं?

"निळा लावा," त्या म्हणाल्या.

मंडळाचं कार्यालय चौथ्या मजल्यावर होतं. सचिव म्हणून काम पाहणाऱ्या बाई सामोऱ्या आल्या, पण चिटणीस त्यांना ओलांडून थेट बैठकीच्या खोलीत शिरले. सचिवबाई अडवायला निघाल्या. ऑपरेटरबाईंनी नुसत्या डोळ्यांनी विनवलं, तशा त्या थांबल्या.

लांबलचक टेबलावर नावांच्या पाट्या मांडल्या होत्या. चिटणीस एकेक वाचत गेले. शेवटच्या पाटीवरच्या आडनावावर त्यांनी बोट ठेवलं. मग बोट हळूहळू मागे सरकत नावावर आलं. आधीच येऊन बसलेले दोघे-तिघे सदस्य कागदांत डोकं घालून राहिले.

"अहो, मी सांगणार होते..."

"तुझं नाव आहे," ते म्हणाले.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग चिटणीसांनी खुर्ची मागे ओढली.

"बस. आणि पहिला दिवस म्हणून गप्प राहू नकोस. लोकांनी मतं देऊन पाठवलंय तुला."

बाई बसल्या. टेबलावर पर्स बरी दिसत नाही म्हणून चिटणीसांनी ती आपल्याकडे मागून घेतली, मुद्द्यांची वही बाईंसमोर ठेवली आणि दार हलकेच लावून ते बाहेर गेले.

सचिवबाई हजेरी घेऊ लागल्या. दाराच्या काचेतून बाहेरचा बाक दिसत होता. चिटणीस तिथे ताठ बसले होते. चेहऱ्यावर पुन्हा तेच हरवलेपण उतरत होतं. मांडीवरच्या पर्सकडे त्यांनी दोनदा नवलानं पाहिलं. ती कुणाची, ते आता त्यांना आठवत नसावं. पण धरली होती मात्र दोन्ही हातांनी, घट्ट.

बाईंचं नाव पुकारलं गेलं.

"हजर," त्या म्हणाल्या.