दुसरी मोजणी

नळीच्या बुडाशी बसलेला तो गुलाबी ठिपका मसुराच्या डाळीएवढाही नव्हता, आणि इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत रंपई तो उजेडाकडे धरून इतका वेळ पाहत राहिली, की हातमोज्याच्या आत तिची बोटं घामेजली. अकरा वर्षांच्या एका मुलीच्या रक्तातून काल यंत्राने पाच तास वेचून काढलेल्या पेशी… त्यांतल्या नवख्या बाजूला केलेल्या, जाणत्या तेवढ्या पिशवीत भरून पिशवी बंद केलेली, आणि हा ठिपका तपासणीसाठी मागे ठेवलेला. नवख्या म्हणजे ज्यांनी अजून एकही आजार पाहिलेला नाही अशा. त्याच सगळ्यांत तिखट. दुसऱ्याच्या अंगात गेल्या की आपलं-परकं कळत नाही, दिसेल त्यावर तुटून पडतात – कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर. जाणत्यांना जुने शत्रू आठवत असतात. त्या घरच्यांच्या वाटेला जात नाहीत, आणि लपून बसलेल्या कर्करोगाला मात्र हुडकून काढतील… असा अंदाज. या अंदाजावर रंपईच्या आयुष्याची चौदा वर्षं उभी होती.

दहा हजारांत पाच. त्यापेक्षा जास्त नवख्या पेशी पिशवीत राहिल्या, तर पिशवी खाली वॉर्डात पाठवायची नाही, असा त्यांच्या संशोधनाचा नियम. मघाशी, नऊच्या सुमाराला, तिने मोजणी केली होती. चार. नियमात एकच मोजणी सांगितली होती, ती झाली होती, सही करून चहा प्यायला जाता आलं असतं. तिच्यासोबत काम करणारी विपा तर चप्पल बदलून दारात उभीही राहिली होती.

"चल ना गं. जोक गार होईल, मग नाक मुरडशील." जोक म्हणजे खालच्या टपरीवरची तांदळाची पेज, दोघी ती रोज सकाळी खात.

"तू हो पुढे."

"आता काय राहिलंय? चार आलेत ना?"

"बघते एकदा."

"तुझं ते 'एकदा' मला माहितीय," म्हणून विपा गेली, आणि रंपईने उरलेला ठिपका यंत्राला लावला – आपण असं का करतोय हे स्वतःला न विचारता, जसा माणूस कुलूप लावून जिना उतरतो आणि पुन्हा वर येऊन कुलूप ओढून बघतो तसा.

सात.

तिने आकडा दोनदा वाचला. मग खुर्ची मागे सारून उठली, सिंकपाशी गेली, नळ सोडला, बंद केला. चार आणि सात. नमुना संपला होता. तिसरी मोजणी करायची तर बंद पिशवी उघडायला हवी, आणि उघडलेल्या पिशवीत हवेतून काय शिरेल याचा भरवसा नाही. गोठवून ठेवावं तर अर्ध्या पेशी मरतील. पुन्हा वेचायच्या तर त्या मुलीच्या मानेत पुन्हा नळी, पुन्हा पाच तास… आणि तिचा सहा वर्षांचा भाऊ फूम खाली तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या खोलीत. चार महिन्यांपूर्वी बहिणीच्याच मूळपेशी त्याच्यात रुजल्या होत्या, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता, आणि गेल्या पंधरवड्यात रक्ताचा कर्करोग पुन्हा डोकावला होता. आठवडाभर थांबणं म्हणजे काय हे त्याच्या आईलाही सांगावं लागत नव्हतं.

सातचा आकडा तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हता. हा विचार आला आणि तिला स्वतःची किळस वाटली – आणि लगेच दुसरा आला, त्याहून वाईट: तू तो सात शोधायलाच बसली होतीस.

…पोंगचे तळहात. सव्विसाव्या दिवशी पोंगचे तळहात लाल झाले, ओल्या मिरच्या वाटून हात न धुतल्यासारखे. पोंग, तिचा धाकटा भाऊ, आठ वर्षांचा, ती बारा. नाखोन सावनहून बसने आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती आली होती, आणि मोठ्या डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, 'तुझ्यामुळे भाऊ बरा होणार.' कमरेच्या हाडातून मज्जा काढली तेव्हा दुखलं होतं, पण ते दुखणं तिने शाळेच्या पदकासारखं मिरवलं होतं. मग तळहात. मग अंगभर. मग पोटातून रक्त, डोळे पिवळे… आणि व्हरांड्यात काकू कोणाला तरी सांगत होती, "बहिणीचं रक्त उलटलं हो त्याच्यावर." काकूला ठाऊक नव्हतं, की खांबाच्या पलीकडच्या बाकावर ती बसली आहे. कोणी तिला दोष दिला नाही. पोंगशिवाय घरी परतल्यावर आईने एवढंच केलं – तिला रागावणं सोडून दिलं. ताटली फुटली, शाळेला उशीर झाला, एकदा तर ती दोन तास नदीवरच बसून राहिली, तरी आई नुसतं बघायची आणि जेवायला वाढायची. त्याआधी दिवसातून दहा वेळा ओरडणारी आई. मी मुद्दाम पेला फोडला होता एकदा, रंपईला आठवलं, फक्त एक शिवी ऐकावी म्हणून…

तिने दोन्ही आकडे कागदावर लिहिले आणि जिना उतरून संशोधनाचे प्रमुख आचार्य थनित यांच्या खोलीत गेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद पाहिला.

"पहिली मोजणी नियमाप्रमाणे झाली?"

"झाली."

"मग दुसरी का केलीस?"

तिने सातच्या आकड्यावर बोट ठेवलं. ते रागावले नाहीत, आणि त्यामुळे तिला उगाच आईची आठवण झाली.

"नमुना शेवटाला आला की आकडा असा हलतो. तुलाही माहीत आहे," ते म्हणाले. "पण सात लपवायचा नाही. आईला सांगू दोन्ही. तूही ये."

"मी? मी वॉर्डात कधी…"

"आज ये. मोजलंस तू."

चौदा वर्षांत ती तिसऱ्या मजल्यावर कधी थांबली नव्हती. पिशवी लिफ्टने जायची, कागद परत यायचा, त्यावर नाव नसायचं, फक्त क्रमांक. आता सायरुंग – फूमची आई, रोई एतहून आलेली, कडक हाडाची बाई – समोर उभी होती. काचेतून मुलगा दिसत होता. डोक्यावर एक केस नाही, हातातल्या खेळण्यातल्या बेडकाची जीभ तो पुन्हा पुन्हा ओढत होता. आचार्य बोलत होते, सायरुंग ऐकत होती, पण पाहत रंपईकडे होती.

"मोजणाऱ्या बाई तुम्हीच का?"

"हो."

"सात म्हणजे किती वाईट?"

रंपईने तोंड उघडलं. तिच्याकडे तक्ते होते, टक्केवारी होती, तेवीस मुलांच्या नोंदी होत्या. "माहीत नाही," ती म्हणाली. "पाचच्या आत असलेल्या मुलांना फारसा त्रास झाला नाही, एवढंच माहीत आहे. सात असलेलं कोणालाच दिलेलं नाही. आणि खरंच सात आहेत की चार, तेही नाही सांगता येत मला."

"आणि थांबलो तर?"

"ते आचार्य सांगतील."

"त्यांनी सांगितलंय," सायरुंग म्हणाली. मग एकदम चिडून, जणू बाजारात कोणी सडका माल गळ्यात मारतंय अशी, "एक तरी माणूस धड काही सांगेल का इथे? आमच्याकडे बैल घेतानासुद्धा दात बघून सांगतात लोक!" आणि नाक पुसून, तितक्याच एकदम, "द्या. आजच द्या. कुठे सही करायची?"

दुपारी चारची वेळ ठरली. रंपई लिफ्टकडे वळली तेव्हा बाकावर एक मुलगी बसली होती, मानेला पांढरी पट्टी, मांडीवर चिकट भाताची टोपली, बोटांनी भाताचे गोळे वळत. बैतोई, फूमची बहीण. तिला ओळखायला क्रमांक लागला नाही.

"मावशी, तुम्ही वरून आलात ना? जिथे माझं रक्त नेलं तिथून?"

"हो."

"त्याचं रक्त आता मुलीचं झालंय. डॉक्टर म्हणाले. मी त्याला 'ताई' म्हणते तर तो बेडूक फेकून मारतो." ती हसली, मग पट्टीला हात लावून थांबली. "त्या पिशवीत माझ्या सगळ्या पेशी आहेत?"

"नाही. भांडखोर काढून टाकल्या."

"आई तर म्हणते, भांडखोर मीच आहे. मग उरलं काय?"

रंपईला हसू आलं, खरोखरचं, आणि ती नकळत बाकावर बसली. मुलीने भाताचा एक गोळा तिच्या हातावर ठेवला. रंपईने तो खाल्ला. मग मुलीने टोपलीकडे बघतच विचारलं –

"आणि एखादी राहिली असेल तर?"

राहिली नाही, असं सांगता आलं असतं. विपाने तेच सांगितलं असतं, आणि विपा चांगली बाई आहे.

"राहिल्यात थोड्या," रंपई म्हणाली.

"मग त्या त्याला चावल्या, तर मी त्याची माफी मागायची का?"

व्हरांड्यात कोणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. रंपईला वाटलं, आपल्या छातीत काही तरी उभं राहिलंय आणि त्याला बसायला जागा नाही. माफी… तेहतीस वर्षांत हा शब्द तिला सुचलाच नव्हता. तिने पोंगची माफी मागितली नव्हती. कशी मागणार, मागितली असती तर ते खरं ठरलं असतं ना! आणि 'मागू नकोस' असं तिला कोणीही, आईनेही, म्हटलं नव्हतं, कारण ती विचारते आहे हेच कोणाला कळलं नव्हतं.

"नाही," ती जरा मोठ्याने म्हणाली. "अजिबात नाही. ऐक. तुझ्या हातून त्या कालच सुटल्या. गाळल्या मी, मोजल्या मी. काही बिनसलं तर भांडायला माझ्याकडे यायचं, चौथ्या मजल्यावर. ओरडायचंही. कळलं?"

"तुम्हाला चालेल?"

"चालेल."

मुलीने तिच्याकडे संशयाने पाहिलं, मोठी माणसं असं काही बोलली की मुलं पाहतात तसं. "बरं," ती म्हणाली, "पण मी फार जोरात ओरडते."

चार वाजता पिशवी टांगली. रंपई वर गेली नाही. काचेबाहेर, सायरुंगपासून दोन हात अंतरावर, उभी राहिली. फिकट गढूळ पाणी, भाताची पेज पातळ केल्यासारखं, थेंब थेंब उतरत होतं. फूम बेडकाशी खेळत होता, नंतर कंटाळून झोपला. वीस मिनिटांत पिशवी रिकामी झाली. काहीच घडलं नाही. घडणार होतं ते, घडलंच तर, दोन-तीन आठवड्यांनी, आणि कदाचित नाही, आणि कदाचित रोगच आधी येऊन बसेल…

घरी जायला ती नदीच्या धक्क्यावर आली तेव्हा ऊन कलतं होतं. होडी आली, माणसं चढली, होडी गेली. ती कठड्याला टेकून उभी होती. ही भीती तिच्या ओळखीची असायला हवी होती, पण नव्हती. जुनी भीती मागे तोंड करून बसलेली असे, एकाच खोलीत, एकाच बिछान्याकडे पाहत. तिथे काही बदलायचं उरलं नव्हतं, म्हणून तिच्यात एक प्रकारची स्वस्थताही होती. ही मात्र जागेवर ठरत नव्हती. हिला उद्याची घाई होती. उद्या सकाळी त्याला ताप असेल का, तो काही खाईल का, मुलीच्या मानेचं कसं आहे – आणि मी, जी कधी तिसऱ्या मजल्यावर थांबत नाही, मी आठ वाजता तिथे जाऊन काय विचारणार, कोणत्या तोंडाने… आपण त्या कागदावर सात लिहिला तो भित्रेपणाने की प्रामाणिकपणाने? तिला ठरवता येईना. थोडा वेळ तिने प्रयत्न केला, मग सोडून दिला. दुसरी होडी आली. चढायला हवं होतं. पण ती तशीच उभी राहिली, इस्पितळाच्या इमारतीकडे वळून तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या मोजत, आणि त्यांतली त्याची कोणती हे तिला बाहेरून ओळखता येत नव्हतं.