बाबल्याच्या नावावरचं गाणं

लग्नात नवरदेवाला चिडवायला जव्हार-मोखाड्याच्या बायका जे गाणं म्हणतात ते बाबल्याचं, असं सगळे सांगतात. बाबल्याचं! ज्याला स्वतःची लंगोटी धड नेसता येत नव्हती, त्याने म्हणे गाणं जुळवलं. ते मी जुळवलं, साखरशेतच्या हौशीने, आणि त्यालाच घरातून घालवायला जुळवलं.

देज, म्हणजे नवरीचं मोल, द्यायची ऐपत नसलेला गडी आमच्यात घरजावई राहतो. पोरीच्या बापाकडे काही वर्षं राबायचं, मग लग्न. बाबल्या पोशेऱ्याहून तसाच आला. राबणं सोडून बाकी सगळं केलं त्याने. मी नागलीची भाकर थापायला घेतली की हा चुलीपाशी हजर, आणि भाताची रोपं लावायला, आवणीला निघालो की याची कंबर धरलेली. मला असला नवरा नको होता. पण तो आपणहून उठून गेला तरच सुटका. हाकलायचं तर पंचांपुढे कारण हवं. आळस हे कारण पंच मानेनात. मानलं असतं तर त्यांच्यातलेच निम्मे घराबाहेर पडले असते.

मग मी गाणं केलं. लाजेने तरी पळेल म्हणून. पेरणीआधी राब भाजायला, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळायला पाठवलं की हा झोपायचा, तेच त्यात घातलं.

राब भाजाया गेला, सावली बघून निजला,
भाकर म्हणताच बाबल्या टुणकन उठला!

आवणीच्या बायकांनी ते उचललं आणि बघता बघता पाड्यापाड्यांवर गेलं. आणि बाबल्या? लाजायचं राहिलं बाजूला, गडी फुगला. गाण्यात आपलं नाव आलं म्हणून छाती काढून फिरायला लागला. तारप्याच्या नाचात स्वतःच म्हणायचा, आणि कोणी विचारलं तर सांगायचा, "माझाच गाना हाये." माझा बाप काळ्या तर आणखीच खूश. "हसवतो बघ कसा! भात झोडून झाला का लगीन लावू."

लाज कशाशी खातात ते या माणसाला ठाऊकच नव्हतं. म्हणून मी त्याला गोडीगोडीने शेवटचं एक कडवं शिकवलं.

नाय राहात या घरी, नको मला नवरी,
चाललो मी माघारी पोशेऱ्याच्या डोंगरी!

"दसऱ्याला राजाच्या दरबारापुढं हाच म्हण," मी म्हटलं. "बायकोला झिडकारणारा गडी लोकांना आवडतो." त्याला पटलं. असलं काही त्याला लगेच पटायचं.

दसऱ्याला जव्हारला राजवाड्यापुढे नाच झाला. बाबल्याने ते कडवं असं ठणकावून म्हटलं की कारभारी हसून बेजार झाले.

"गाणं कोणाचं रे?"

"माझाच, सरकार. सगला मीच जुळवला."

कारभाऱ्यांनी त्याच्या डोक्यावर बक्षिसाचा फेटा ठेवला. आमचे पंच तिथेच बसले होते. ते ताडीकडे पांगायच्या आत मी पुढे झाले.

"आयकलंत ना? नवरी नको, घर सोडला, त्यानं सोताच्या तोंडानं सांगला. दरबारापुढं!"

बाबल्या गडबडला. "अरं, तो गाना हाये!"

"तुझाच ना?" पंचांतला थोरला तुका म्हणाला. "का हौशीचा? हौशीचा असंल तर फेटा परत दे नि जावई रहा. तुझा असंल तर बोललास तसा जा."

त्याच्या एका शब्दात माझं गाणं मला मिळालं असतं, आणि त्याच शब्दात हा नवराही गळ्यात पडला असता. बाबल्याने फेटा चाचपला.

"माझाच," म्हणाला, आणि पोशेऱ्याची वाट धरली.

वाईट वाटलं? बाबल्याचं क्षणभरही नाही. गाण्याचं वाटलं, अजून वाटतं.

पुढे माझ्या पोरीचं लग्न झालं. वऱ्हाडात पोशेऱ्याच्या बायका होत्या. मी गात नाही ते बघून म्हणाल्या, "आमचे बाबल्याचा गाना तुला नाय येत? ये, शिकवू." दोन कडव्यांत त्यांनी शब्दांची पार माती केली होती. मी मुकाट्याने त्यांच्यामागे म्हणत गेले. मध्येच पदराने डोळे पुसले, तेव्हा एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू दे तिला," ती म्हणाली. "पोर सासरी चालली ना."