उंबराच्या ढोलीतले डास

मच्छिंद्र अकरा वर्षं पुण्याच्या संशोधकांना रानातले डास धरून देतोय. रोजंदारीवर. पँट गुडघ्याच्या वर घ्यायची, झाडाखाली बसायचं, पायावर डास टेकला की चावायच्या आत काचेच्या नळीत ओढायचा. त्यात कुठला विषाणू हाय ते साहेबलोक शोधतात. पाय मच्छिंद्रचा, शोध साहेबांचा.

भादव्यात त्याचीच नऊ वर्षांची पोरगी, गौतमी, तापानं गेली. झटके आले, दोन दिवसांत संपली. दवाखान्यानं कागदावर लिहिलं, ‘ताप’. रक्त तपासायची तसदी कुणी घेतली न्हाई.

कवठे येमाईच्या ओढ्यावर उंबर हाय, गौतमी तिथं खेळायची. त्याच्या ढोलीत पाणी साचतं. तिला माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र तिथं जाऊन बसला. बेचाळीस डास धरले, जाळीच्या पिंजऱ्यात सोडले, वर ओलं फडकं टाकून घरात टांगले. जिवंतच लागतात, मेल्यावर विषाणू नासतो, हे साहेबांनीच शिकवलेलं. ते न्यायला साहेबांची गाडी सोमवारी येणार होती. ती कुणाला तरी सेमिनारला घेऊन गेली.

मंगळवारी पोरीच्या दिवसाचं पुण्यानुमोदन. मच्छिंद्र बाहेर मांडवात माणसांत बसलेला. आत ऐन वंदनेला अगरबत्ती सापडंना. मच्छिंद्रच्या बायकोचा, रंभाचा भाऊ सुमित यवतवरून आलेला. "ताई, माझ्या पिशवीत हाय की." रंभानं बुद्धापुढं, बाबासाहेबांपुढं, पोरीच्या फोटोपुढं मूठमूठ लावली. आईच ती, हात आखडंल व्हय?

माणसं पांगल्यावर मच्छिंद्रनं फडकं उचललं. सगळे डास मरून तळाला. त्यानं सुमितनं दिलेला पुडा उलटा करून बघितला. डास मारायची अगरबत्ती.

"दाजी, म्या वाचलंच न्हाई वो," सुमित रडायला लागला.

बुधवारी गाडी आली. साहेबांनी पिंजऱ्यात बघितलं. "मच्छिंद्र, मेलेल्याचं मी काय करू?"

"गाडी सोमवारी येणार हुती, साहेब."

"तो विषय वेगळा आहे."

त्यांचा विषय कायम वेगळाच असतो.

दिवस कलताना मच्छिंद्र नळी घेऊन पुन्हा उंबराखाली बसला. मागून रंभा आली, शेजारी टेकली, लुगडं गुडघ्यावर घेतलं.

"रंभे, येडी का तू? ह्यातलाच एखादा चावला म्हंजी?"

"चावू द्या," ती म्हणाली. "माझं तरी रक्त तपासतील."

तिच्या पिंढरीवर डास टेकला. मच्छिंद्रनं नळी लावली. ओढायच्या आधी तिच्या तोंडाकडं बघितलं, तेवढ्यात डास उडून गेला.

"ऱ्हाऊ द्या," रंभा म्हणाली. तिनं पाय हलवला न्हाई. "दुसरा यील."