लाग अन उश्केचं फाटक

मी एक लाकडी फाटक. न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावाच्या मागच्या टेकड्यांत, कुरणांच्या तोंडाशी उभं आहे. मला अजून जुन्या हाका आठवतात.

इथल्या मालकीण मोरॅगआजी, त्यांच्या वडिलांनी मला टोटारा या इथल्या झाडाच्या लाकडातून घडवलं. त्यांचे पूर्वज स्कॉटलंडच्या डोंगरांतून आले, ते आपली गेलिक भाषा घेऊन. इथे माओरी लोकांनी दिलेली नावं आधीपासून असणारच, पण ती माझ्या कानी आली नाहीत. मी ऐकली ती गेलिक नावं. सकाळी मला उघडलं की कुत्र्याला हाक जायची. 'द्रुइम दू' म्हटलं की तो काळ्या धारेवर पळायचा आणि 'लाग अन उश्के' म्हटलं की पाण्याच्या खळग्यात उतरायचा. तिथल्या मेंढ्या हाकत माझ्याकडे आणायचा. ही नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. कुत्र्यांना येत होती, तेवढं पुरे होतं.

पुढे मेंढ्या विकल्या. आजी उरल्या आणि टॅम नावाचा म्हातारा कुत्रा. तो दिवसभर माझ्या सावलीत झोपतो. हाका थांबल्या, माझ्या बिजागऱ्या गंजल्या.

यंदा जमिनीचे तुकडे पडले. खळग्याकडचा तुकडा पुण्याच्या हरीश आणि शकुने घेतला. आज ते मुलीला, स्वरदाला घेऊन आले. ती सारखी स्वतःच्या चपलांकडे बघत होती.

"हा आपला प्लॉट. लॉट नंबर सात," हरीश म्हणाला.

"सात हे काय नाव झालं? माहेरी आमच्या शेताच्या प्रत्येक तुकड्याला नाव होतं. आंबराई, खडकाळी, पाणथळ," शकु म्हणाली. "तुला फ्लॅट नंबरच्या पुढे काही ठाऊक नाही."

आजी चहा घेऊन आल्या होत्या. स्वरदाने हळूच त्यांना जागेचं नाव विचारलं.

आजींनी ते सांगितलं. शनिवारी त्या पोरिरुआला लेकीकडे कायमच्या जाणार आहेत. "लेकीला ही नावं येत नाहीत," त्या म्हणाल्या. "माझ्याबरोबरच संपतील."

स्वरदाने रेकॉर्डिंग सुरू करून फोन पुढे धरला. आजींनी एकेक नाव अर्थासकट त्यात सांगितलं.

"पाण्याचा खळगा?" शकु नवऱ्याला म्हणाली. "मग घर वरच्या अंगाला बांधू."

"आता तू म्हण," आजी स्वरदाला म्हणाल्या. "मोठ्याने. ही हाक मारायची नावं आहेत."

स्वरदाचे कान लाल झाले. "आई, मला नाही जमणार."

"इथे मेंढीसुद्धा नाहीये हसायला," शकु म्हणाली.

स्वरदाने मला उघडलं. माझी वरची फळी घट्ट धरली.

"लाग अन उश्के."

टॅमचा एक कान हलला. तो उठला, लटपटत माझ्या शेजारून बाहेर पडला आणि थेट खळग्याकडे निघाला.

"बरोबर म्हणालीस," आजी म्हणाल्या.

सोमवारी माझ्या जागी लोखंडी फाटक येणार आहे. येऊ दे. स्वरदा, ते उघडताना अधूनमधून एखादी हाक मारत जा.

आणि आज मला एवढ्यात बंद करू नका. टॅम अजून खाली मेंढ्या शोधतोय.