जुन्या रांगेतल्या दोन जागा

एल्म्सबरीची माणसं तीन दिवसांपासून नको इतकी गोड वागत होती, आणि डॉ. चारुदत्तांना ते मुळीच रुचलं नव्हतं.

ओहायोतल्या या दोन हजार वस्तीच्या गावात ते एक्केचाळीस वर्षं मुलांचे डॉक्टर होते. कोण किती हसतं याची नोंद त्यांच्या डोक्यात पक्की होती. न्हावी वॉल्ट वर्षातून एकदा, नाताळात हसायचा. तो परवा भर ऑगस्टमध्ये हसला. शेजारची डोरिस, गावाच्या इतिहास मंडळाची सेक्रेटरी, घरी भाजलेला ब्लूबेरी पाय, तो गोड पदार्थ, घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "तब्येत कशी आहे, डॉक्टर?"

"संध्या, कुठेतरी पाणी मुरतंय," ती गेल्यावर ते बायकोला म्हणाले. "माझे रिपोर्ट फुटले की काय?"

"तुमच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉलशिवाय आहे काय फुटायला?" संध्याने पायचा तुकडा पुढे सरकवला.

शनिवारी पत्र आलं. गावाच्या दीडशेव्या वर्षानिमित्त मंडळाने टेकडीवरच्या दफनभूमीत, गाव वसवणाऱ्या घराण्यांच्या जुन्या रांगेत, डॉक्टर पतिपत्नींसाठी दोन जागा राखल्या होत्या. खाली सहीसाठी रेघ.

"बघ! घाई झालीय यांना."

"अहो, मान आहे तो. त्या रांगेत बाहेरच्याला उभं करत नाहीत."

"मग आपल्यालाच का? आणि आपल्यात दहन करतात, हे इतक्या वर्षांत कळलं नाही?"

"तुम्ही कधी सांगितलंत? त्यांच्या प्रत्येक फ्युनरलला भाजलेल्या कॅसरोलचं भांडं घेऊन पुढे. वॉल्टच्या आईच्या वेळी तर मातीसुद्धा टाकलीत. लोक धरून चालले."

ते पत्र घेऊन तडक डोरिसकडे गेले. जागेपेक्षा त्यांना दुसरंच हवं होतं. गाव आपल्याला आपलं मानतं, की डॉक्टर म्हणून नुसतं चालवून घेतं?

"एकमताने ठरलं?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अकरा विरुद्ध एक."

"तो एक कोण?"

"मी."

त्यांनी मनातल्या मनात तिचा ब्लूबेरी पाय परत केला. "वाटलंच मला."

"काय वाटलं?" डोरिस तडकली. "आईची राख नदीत सोडायला तुम्ही इंडियाला गेला होतात. संध्याने सांगितलं होतं मला. मी मीटिंगमध्ये म्हटलं, यांच्यात पुरत नाहीत, आधी त्यांना विचारा. तर वॉल्ट म्हणतो, विचारायचं काय त्यात, डॉक्टर आपलेच आहेत!"

ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं त्यांनी आपलं म्हटलं होतं, आणि जिला ठाऊक होतं ती विरोधात गेली होती. कुणावर रुसावं हे चारुदत्तांना काही ठरवता येईना.

"राख ठेवली तर चालेल का तिथे?" शेवटी त्यांनी विचारलं. "थोडी. बाकीची नदीत."

"चालेल की." डोरिसने पेन दिलं.

त्यांनी टोपण काढलं, पेन रेघेपर्यंत नेलं आणि थांबले.

"नकाशा दाखव आधी. शेजारी कोण आहे?"