भय्यासाहेबांशी खेळलेलं यंत्र

मध्यभारत नावाचं राज्य गेलं, मध्यप्रदेश आला, ग्वाल्हेर-इंदूरच्या कचेऱ्या पेट्या बांधून भोपाळला गेल्या. बदलली नाही ती फक्त चारुलता मुळ्येची नोकरी. ती होती तशी तात्पुरतीच राहिली. माधवनगरातल्या मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची. मुलींच्या शाळेला हेडमास्तर मात्र पुरुष, कारण लायक बाई म्हणे मिळाली नव्हती. पाच वर्षं ती त्यांच्यासमोर रोज हजेरीची सही करत होती, तरी ती त्यांना दिसली नसावी.

कायम व्हायचं, एवढंच तिला हवं होतं. नाहीतर देवासला भावाच्या घरी जाऊन वहिनीच्या हाताखाली पोळ्या लाटायच्या आणि ‘आमची चारू मदतीला असते हो’ हे ऐकत म्हातारं व्हायचं. आई नव्हती. वडील, म्हणजे अण्णा, शिंदेशाहीतले निवृत्त कारकून, तिच्याचकडे राहत होते आणि देवासला जायला तेही तयार नव्हते. त्यांचं सुनेशी पटत नव्हतं, चहावरून.

त्या वर्षी शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन ठरलं. भोपाळहून दुबे नावाचे मोठे साहेब येणार होते, आणि तात्पुरत्यांच्या फायली त्यांच्याच टेबलावर होत्या. बाकीच्या बायकांनी ज्वालामुखी आणि पाणचक्की घेतली. चारुलतेनं वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात वाचलं होतं, की परदेशात अनुभवावरून शिकणारी यंत्रं करू बघतायत. तिच्याकडे वीज नव्हती, तारा नव्हत्या. तिनं काड्यापेट्या गोळा केल्या. पानवाल्यांकडून, स्टेशनवरून, घाटावरच्या चिलीमवाल्या बाबांकडूनसुद्धा.

“हे आता जुगार खेळणार?” अण्णांनी विचारलं. घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

“फुली-गोळा खेळणार. नऊ घरांचा. खेळात जेवढे म्हणून डाव मांडले जाऊ शकतात, त्या प्रत्येकाची एक डबी. वर तो डाव काढलाय. आत मणी. नऊ घरं, नऊ रंग. डबी हलवायची, न बघता एक मणी काढायचा, त्याच्या रंगाचं जे घर तिथे यंत्राची फुली.”

“म्हणजे आंधळ्यासारखं.”

“सुरुवातीला आंधळंच. पण यंत्र जिंकलं, की जे मणी निघाले ते त्या त्या डबीत परत, वर त्याच रंगाचा एकेक जास्तीचा. हरलं, की ते मणी जप्त. शेकडो डाव झाले की वाईट मणी संपतात, चांगले उरतात. कुणी न शिकवता ते शिकतं.”

“बक्षीस आणि दंड,” अण्णा म्हणाले. “सरकारात असंच होतं. शिकलं मात्र कुणी नाही.”

मणी महाकाळाजवळच्या माळवाल्यांकडून आणले. आठ रंग काचेचे मिळाले, नववा मिळेना, म्हणून तिथे तुळशीचे मणी घातले.

यंत्र तयार झालं, पण त्याला शेकडो डाव खेळायला हवे होते आणि चारुलतेला दिवसभर वर्ग. तिनं ते शिक्षकांच्या खोलीत मांडलं. हेडक्लार्क माणिकबाबू आणि चित्रकलेच्या वासंतीबाई, दोघांना नियम नीट समजावून सांगितला. दोघांनी माना डोलावल्या. आपल्याकडे मान डोलावणं आणि समजणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे गणिताच्या बाईला तरी माहीत असायला हवं होतं.

हेडमास्तर भय्यासाहेबांना खेळाचा भलताच नाद लागला. जेवणानंतर पान लावून ते बसायचे, माणिकबाबू डब्या हलवायचे, वासंतीबाई ‘वा साहेब’ म्हणायच्या. खोलीतून हसण्याचा आवाज वर्गापर्यंत यायचा. चारुलता मनात म्हणायची, शिकतंय.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात ती स्वतः त्याच्याशी खेळायला बसली. यंत्र हरलं. पुन्हा खेळली, पुन्हा हरलं. साधंसुधं नव्हे. दोन फुल्या ओळीत, तिसरं घर मोकळं, आणि हातात मणी आला भलत्याच कोपऱ्याचा. तिनं डब्या उघडून पाहिल्या. जिंकायच्या घरांचे मणी कुठेच नव्हते. हरायच्या घरांचे मात्र ठासून भरले होते.

“माणिकबाबू, साहेब जिंकले की तुम्ही काय करत होतात?”

“मणी टाकायचो. एक जास्तीचा.”

“साहेब जिंकले म्हणजे यंत्र हरलं ना?”

“बाई, आता काय सांगू,” माणिकबाबूंनी चष्मा काढून पुसला. “पहिल्याच दिवशी साहेब हरले. त्यांचं तोंड तुम्ही बघितलं नाही, आम्ही बघितलं. आता त्या डबीला बक्षीस द्यायचं? त्यांच्यासमोर? मी मणी जप्त केले. मग साहेब जिंकले, खूश झाले. मी म्हटलं, डबीनं काम चांगलं केलं, द्या तिला मणी.”

“अहो, पण नियम सांगितला होता ना मी.”

“नियम आहेच. पण मोका बघून ना. बत्तीस वर्षं नोकरी केली मी, ती काय नियमानं केली का?”

वासंतीबाईंनी रंगाचा ब्रश धुता धुता सांगितलं, “आणि चारू, आम्ही तुझ्याचसाठी केलं हो. साहेब नाराज झाले असते तर तुझीच फाइल अडली असती.”

पुन्हा शिकवायला वेळ नव्हता. चारुलता भय्यासाहेबांकडे गेली आणि म्हणाली, यंत्र बिघडलंय, प्रदर्शनातून काढून घेते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आपण इतके दिवस का जिंकत होतो, हे कळल्यावर क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. पण तो माणूस काही उगाच हेडमास्तर झाला नव्हता.

“बिघडलंय? बाई, ह्याच्याहून चांगलं काय असणार? दुबेसाहेब खेळतील, जिंकतील, खूश होतील. तुमचा कागद तिथल्या तिथे. तुम्ही फक्त गप्प राहा.”

ती गप्प राहायला तयार होती. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण पुढे लोकांनी तिला फार शूर करून टाकलं. पाच वर्षं तात्पुरत्या राहिलेल्या बाईला गप्प राहणं जड नसतं.

दुबेसाहेब आले. जबलपूरकडचे, गोरेपान, मोठ्यानं हसणारे. ज्वालामुखीवरून एक नजर टाकून ते काड्यापेट्यांपाशी, खडूनं नऊ घरं आखलेल्या फळ्यासमोर येऊन बसले. जिंकले. टाळ्या झाल्या. पुन्हा जिंकले. तिसऱ्या डावात मात्र त्यांनी मुद्दाम वेड्यासारखे गोळे काढायला सुरुवात केली, कुठेही, न बघता. तरीही तेच जिंकले.

“बाईजी,” ते म्हणाले, “ये तो हारना ही चाहती है. ऐसा क्यों?”

भय्यासाहेब खोकले. त्या खोकल्यानं तिचं डोकं फिरलं. आपल्याला खोकून गप्प करतात, आणि आपण होतोही, हे तिला त्या क्षणी सहन झालं नाही.

“साहब, इसने कोई गलती नहीं की,” ती म्हणाली. “जो सिखाया, वही सीखी. यहाँ हेडमास्टर साहब को जिताने पर इनाम था, हराने पर सज़ा. इसे क्या मालूम कि खेल क्या है? इसे इनाम मालूम है.”

मग दुबेसाहेब असे हसले की डब्या थरथरल्या. भय्यासाहेबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “वाह पंडितजी, डिब्बों से भी सलाम करवा लिया.” भय्यासाहेबही हसले. न हसून करतात काय. माणिकबाबू हसले, वासंतीबाई हसल्या. चारुलतेला वाटलं, सुटले, हा माणूस निराळा आहे.

“अब आप खेलिए,” दुबेसाहेब खुर्ची ओढत म्हणाले. “डिब्बा हटाइए. सिखानेवाली को देखें.”

तीनदा सहज जिंकलेला माणूस समोरचं बघत नाही. चौथ्या खेपेला तिच्या दोन फुल्या ओळीत होत्या, तिसरं घर रिकामं होतं, आणि दुबेसाहेब मिशीवरून हात फिरवत तिसरीकडेच बघत होते. मागून भय्यासाहेबांचा श्वास ऐकू आला. “चारुलताबाई,” ते अगदी हळू मराठीत म्हणाले, “विचार करा. फाइल.”

तिनं विचार केला. देवासचा केला, वहिनीचा केला. खडू दुसऱ्या घरावर नेऊन टेकवलासुद्धा. मग तिला हसू आलं, की हे घर आपल्याला कुणी सांगितलं? आतून तर नाही आलं. तिनं खडू उचलला आणि जिंकायच्या घरात फुली मारली.

या खेपेला दुबेसाहेब हसले नाहीत. फळ्याकडे बघत राहिले, म्हणाले “अच्छा है,” आणि घड्याळ बघून उठले. नाश्त्याला थांबले नाहीत. नाश्ता माणिकबाबूंनी खाल्ला.

महिन्याभरात भोपाळहून हुकूम आला. चारुलता मुळ्ये यांना कायम करण्यात येत असून त्यांची बदली जशपूर येथील कन्याशाळेत करण्यात येत आहे. जशपूर म्हणजे नव्या राज्याचं पार दुसरं टोक, जंगलातलं. शाळेत कुणाला ते कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं.

“पण कायम का केलं?” वासंतीबाईंना राहवेना.

“करावंच लागलं,” माणिकबाबूंनी समजावलं. “तात्पुरतीला बदलीची शिक्षा देता येत नाही, तसा कायदाच आहे. हाकलावं तर भरल्या सभेत साहेबांनीच ‘अच्छा है’ म्हटलेलं. मग आधी कायम केली, मग फेकली. बिलकुल बरोबर काम आहे भोपाळवाल्यांचं.”

भय्यासाहेबांनी निरोपाला नारळ दिला आणि बाईंच्या बुद्धिमत्तेची मागास भागाला किती गरज आहे यावर भाषण केलं. सगळ्यांत जास्त टाळ्या त्यांनाच पडल्या.

अण्णा हुकूम वाचत ओट्यावर बसले होते.

“तिकडे मराठी बोलणारं कुणी असेल का गं?”

“नसेल.”

“बरं आहे. आपल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायला जीभ अडते.” त्यांनी कागद घडी करून तिच्या हातात दिला. “गाडी कुठे बदलायची ते विचारून ठेव.”

“तुम्ही येणार? अण्णा, जंगल आहे. दवाखाना असेल-नसेल.”

“इथे राहिलो तर भय्यासाहेब रोज समाचाराला येतील,” अण्णा म्हणाले, आणि चहाची भांडी बांधायला आत गेले.